पहाऱ्यावरचं मशीन

धर्म स्थापन करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हे वाक्य मी मुद्दामच असं टाकते, कारण ते ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो हे बघण्यात मला अजूनही मजा येते. मागे एका लग्नात बेंगळुरूच्या एका काकूंनी ते ऐकून आपली खुर्ची माझ्यापासून जरा लांब सरकवली आणि माझ्या वहिनीला हळूच विचारलं, "आश्रम कुठे आहे यांचा?" वहिनी म्हणाली, "आश्रम नाही हो, कम्प्युटर आहे."

तर मी कम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. म्हैसूरच्या विजयनगरात एका दुमजली घरात आमचं ऑफिस आहे. खाली घरमालकांची लिंबाची झाडं, वर आम्ही. ऑफिसात बहुतेकांच्या आया माझ्या वयाच्या आहेत. मी आयुष्याची बरीच वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली, आणि तिथे कंटाळून इकडे आले. घरच्यांना वाटलं, बाईला उतारवयात खेळ सुचले. मला मात्र वाटतं की मी त्यातल्या त्यात गंभीर कामाला इथे आल्यावरच लागले.

आमचा खेळ मारामारीचा नाही, इतिहासाचा आहे. पडद्यावर नकाशा असतो, मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं पाडलेला. खेळणाऱ्याच्या हाती सुरुवातीला एक टोळी आणि एक गाव. बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल करायची. शेती, रस्ते, व्यापार, फौज असं करत करत गावाचं राज्य होतं, आणि शतकं सरतात. जिंकायचे मार्ग वेगवेगळे: कुणी फौजेने जिंकतो, कुणी व्यापाराने, कुणी विद्येने. आणि एक मार्ग धर्माचा. तो विभाग माझा. ऑफिसात त्याला "धर्मखातं" म्हणतात.

माझ्या खात्याचा कारभार असा. देवळं बांधली, जत्रा भरवल्या, की खेळणाऱ्याच्या खात्यात श्रद्धा जमते. पुरेशी जमली की धर्म स्थापन करता येतो. मग नाव द्यायचं, चिन्ह निवडायचं, आणि आम्ही दिलेल्या शिकवणींतून हव्या त्या उचलायच्या: उपास, दान, तीर्थाटन, पाठशाळा वगैरे. प्रत्येक शिकवणीचा काही फायदा असतो. पाठशाळा घेतली तर विद्या वाढते, दान घेतलं तर गावं लवकर आपलीशी होतात. जिथे धर्म स्थापन झाला ते गाव त्याचं मूळपीठ. तिथून प्रचारक निघतात आणि व्यापारी रस्त्यांवरून गावोगाव जातात. खऱ्या धर्मांची नावं आम्ही खेळात घातलेलीच नाहीत. त्याबद्दल अनेकांनी मला भित्री म्हटलं. भित्री तर भित्री; मला रात्री झोप शांत लागते.

नाव खेळणाऱ्याने द्यायचं, त्यामुळे लोकांच्या मनात काय असतं ते मला नोकरीत बसल्या जागी कळलं. मला वाटायचं लोक "सत्यमार्ग", "सूर्यपंथ" अशी भारदस्त नावं देतील. आमच्या चाचणी आवृत्तीत दिली ती कुणी सासऱ्याची, कुणी जुन्या मास्तरांची, आणि एकाने तर "आमच्या गल्लीतली इडली" हे. या इडलीपंथीयांनी अर्धं जग व्यापलं होतं. त्यांच्या एका अनुयायाने आम्हाला लिहिलं की आमच्या धर्मात उपासाची शिकवण सक्तीची झाली आहे, ती काढा, ते शोभत नाही. मी काढून दिली. धर्मखात्यात बसलं की ग्राहकाच्या भावना दुखवून चालत नाही.

आमचा टेस्टर तेंझिन बैलकुप्प्याचा, तिबेटी वसाहतीत वाढलेला. टेस्टर म्हणजे खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून खेळून मोडणारा माणूस. तेंझिन नोकरीला लागला तेव्हा सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की हा शांततेने खेळणार, ध्यान लावणार, कुणाला दुखवणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने तीन दिशांनी प्रचारकांच्या फौजा घुसवून शेजाऱ्यांचे धर्म मुळासकट उपटले, आणि वर मला येऊन म्हणाला, "मॅडम, प्रचारक फार हळू चालतात. घोडे द्या त्यांना." रघू, म्हणजे माझ्या कल्पनांचा कोड लिहिणारा आमचा प्रोग्रॅमर, त्याच्याकडे बघतच राहिला. "एनो तेंझिन, तुझ्या मठात हेच शिकवतात का रे?" तेंझिन शांतपणे म्हणाला, "मी मठात नव्हतो, सर. मी फुटबॉल टीमचा कॅप्टन होतो." तेव्हापासून माणसाचं गाव ऐकून त्याचा स्वभाव ठरवायची सवय आम्ही सोडली.

एकदा तर एक गृहस्थ बन्नूरहून बसने थेट ऑफिसातच आले. निवृत्त शाळामास्तर. पांढरी पँट, हातात गुळाची ढेप आणि चेहऱ्यावर अन्याय. आमची चाचणी आवृत्ती त्यांच्या नातवाने त्यांना शिकवली होती आणि आता नातू कंटाळला तरी आजोबा सोडत नव्हते. त्यांचं म्हणणं असं: त्यांनी मोठ्या कष्टाने वाढवलेला धर्म, शेजारच्या राजाने मूळपीठ जिंकून घेताच एका चालीत नाहीसा झाला. "याके मॅडम? का असं? किल्ला पडला म्हणून देव पडतो का? माझी बाकीची गावं होती की! त्यांना कुणी विचारलं?" मी त्यांना नियम समजावायला गेले. त्यांनी मला एक तास इतिहास समजावला. त्यातला अर्धा चुकीचा होता, पण मुद्दा बिनतोड होता. नियम बदलला, मूळपीठ पडलं तरी धर्म आता मरत नाही. गूळ मात्र सरस होता. त्यांनी आणखी एक मागितलं होतं, की खेळातल्या जत्रेत लोक नाचताना दिसावेत. ते आम्ही केलंही होतं, झकास झालं होतं, पण साध्या कम्प्युटरवर खेळ अडकायला लागला आणि तो नाच काढून टाकावा लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या खेळाला पैसा आणि बाजारपेठ देणारी प्रकाशन कंपनी परदेशातली. तिच्या वतीने पीटर नावाचा गृहस्थ आमचं काम बघायचा. सभ्य माणूस. पण त्याला माझ्या खात्यात एक खोट सापडली होती, आणि ती खरी होती. आमचा धर्म फार चालायचा.

म्हणजे असं की, ज्याचा धर्म आधी स्थापन झाला त्याला आधी गावं मिळायची. जास्त गावं म्हणजे जास्त श्रद्धा, जास्त श्रद्धा म्हणजे जास्त प्रचारक, जास्त प्रचारक म्हणजे आणखी गावं. खेळ तपासायला आम्ही एक मशीन लावून ठेवतो. त्यात सगळी राज्यं कम्प्युटरच चालवतो, आम्ही नुसतं बघायचं. त्या मशीनवर दरवेळी तेच व्हायचं. मध्ययुग यायच्या आत सगळा नकाशा एका रंगाचा. पुढची शतकं कुणी कशासाठी खेळावीत? मी प्रचारक महाग केले, तर कुणी धर्माच्या वाटेलाच जाईना. स्वस्त केले, की पुन्हा एक रंग. पीटरने शेवटी सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मला शेवटपर्यंत अनेक रंग टिकलेला नकाशा दाखवा, नाहीतर आपण धर्माचा भाग खेळातून काढू. दसरा हा शब्द अर्थात माझा, त्याने तारीख सांगितली. धर्म गेला की मीही गेले, हे कुणी बोललं नाही, पण ऑफिसातल्या चहावाल्यालासुद्धा ते कळलं होतं.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण माझा स्वभाव असा की भीती वाटली की मी जास्तच ठाम बोलते. नवमीच्या आदल्या दिवशी मी एक नवा नियम काढला: दूरच्या गावांवर प्रचारकांचा जोर कमी. रघूने तो लिहिला, मशीन लावलं, आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं की झालं काम.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. म्हैसूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथे नवमीला ज्याच्या त्याच्या पोटाचं साधन पुजलं जातं. सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, आमच्या ऑफिसात कम्प्युटर. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून हत्यार त्या दिवशी विश्रांतीला ठेवायचं आणि विजयादशमीला पुन्हा उचलायचं. आमच्याकडे ही पूजा ऑफिस सांभाळणारे महादेवप्पा करतात. किल्ल्या, वीज, पाणी, सगळं त्यांच्या हाती. कोहळा आणणं, तो फोडणं, नंतर कडलेपुरी म्हणजे चुरमुरे-डाळं वाटणं, यात ते कुणाला बोटही लावू देत नाहीत.

सकाळी त्यांनी एकेक कम्प्युटर बंद करत आणला आणि कोपऱ्यातल्या चाचणीच्या मशीनपाशी आले.

"हे बंद करा, मॅडम."

"ते नाही बंद करता येत, महादेवप्पा. आत खेळ चालू आहे. बंद केला तर सगळं पहिल्यापासून."

"चालू हत्याराची पूजा होते का कधी?" त्यांनी विचारलं. महादेवप्पा कानडीत बोलतात, मी इथे मराठीत लिहिते. "सुतार करवत चालवत असताना मी करवतीला कुंकू लावू? बोट जाईल."

"मग याला सोडून बाकीच्यांची करा."

"अय्यो! एकाला उपाशी ठेवून बाकीच्यांना जेवू घालू?"

रघू मध्ये पडला, तेंझिनने मशीनवर नुसतं फूल ठेवायची तडजोड सुचवली, पण महादेवप्पा हलेनात. त्यांचा चेहरा असा झाला की मला कळलं, हा हट्ट नव्हे, हा माणूस खरोखर दुखावला गेलाय. मी हुकूम देऊ शकले असते. पण ज्या घरात मी वाढले तिथे आयुधपूजेच्या दिवशी हुकूम देत नाहीत. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात. खापरपणजोबांची एक गंजकी तलवार अजून आमच्या देवघरात असते, आणि वडील, अप्पा, दरवर्षी ती पुसतात. मी त्यांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय गे, पूजा झाली का तुमची?"

मी अडचण सांगितली. सांगता सांगता आवाज जरा चढला, आणि जरा फाटलाही.

"इतकंच का? अगे, पहाऱ्यावरल्या शिपायाचं हत्यार पूजेस मांडत नव्हते," अप्पा म्हणाले. "सगळ्यांच्या तलवारी मांडल्या तर वेशीवर कोण? पहाऱ्यावर आहे त्याच्या हत्यारास तिथंच जाऊन कुंकू लावायचं, नि त्याच्याच हाती ठेवायचं. त्याची पूजा दशमीस. असंच होतं ते. गोत्तायता?"

शेवटचं "कळलं का" महादेवप्पांसाठी कानडीत होतं. महादेवप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले, चक्क फोनला. "असं सांगा ना मग! हे मशीन पहाऱ्यावर आहे!" त्यांनी त्याला कुंकू लावलं, माळ मात्र घातली नाही, ती दशमीसाठी बाजूला ठेवली, आणि अत्यंत समाधानाने खाली कोहळा फोडायला गेले.

आणि दुपारी, कडलेपुरी खाता खाता, आम्ही पहाऱ्यावरच्या मशीनकडे बघितलं तर नकाशा एका रंगाचा झाला होता.

मी मुकाट्याने खुर्चीत बसले. ज्याच्यासाठी एवढं भांडण केलं ते हे. रघू म्हणाला, "इर्ली बिडी, मॅडम," म्हणजे जाऊ द्या. आणि तो "जाऊ द्या" मला कधी नव्हे तो इतका लागला की डोळ्यांत पाणी आलं. बघायला काही नव्हतं म्हणून मी त्या कुंकवाकडे बघत बसले, आणि सकाळचं भांडण पुन्हा डोक्यात फिरायला लागलं. महादेवप्पांना नियम हवा होता. पण त्यांना नियमाला सोडून असलेली सवलतही तितकीच मान्य होती, फक्त ती कुणाच्या तरी घरची, जुनी हवी होती. आणि माझ्या खेळात काय होतं? गावाने धर्म घेतला की मूळपीठात जे तेच जसंच्या तसं तिथे. शिकवणी त्याच, सण तेच, निष्ठा तीच. असं कुठलं गाव मी पाहिलंय? आमचं स्वतःचं घर तसं नाही. तुळजाभवानी आणि म्हैसूरची चामुंडी एकाच देव्हाऱ्यात, आणि नैवेद्याचं दोघींचं वेगवेगळं.

मी रघूला म्हटलं, "प्रचारकांना हात लावायचा नाही. गावांना लावायचा. गावाने नवा धर्म घेतला, तरी जुन्यातली एक वहिवाट त्याच्यापाशी राहील. ती मूळपीठाच्या शिकवणीशी जुळत नसेल तर ते गाव आपली श्रद्धा मूळपीठाला पाठवणार नाही, स्वतःपाशी ठेवेल. आणि शेजारच्या गावाला स्वतःची वहिवाट शिकवेल."

रघूने चुरमुऱ्यांचा कागद खाली ठेवला. "म्हणजे जितकं पसरेल, तितकं मूळपीठाच्या हातातून सुटत जाईल."

"बरोबर."

"लिहायला सोपं आहे," तो म्हणाला आणि त्याच्या कम्प्युटरकडे वळला. त्यावर झेंडूची माळ होती. तो थांबला. ऑफिसातल्या प्रत्येक कम्प्युटरवर माळ होती. मूळचा म्हैसूरकर आहे तो. त्याचा हात पुढे जाईना. माझाही गेला नसता.

दारातून महादेवप्पा आमची गंमत बघत होते. "पहाऱ्यावर एक जण आहे की," ते म्हणाले. "त्याला सांगा काम. पहाऱ्यावरच्याला काम सांगायला कसली हरकत?"

त्या एका मशीनवर, खुर्च्या चिकटवून, रघूने नवा नियम लिहिला. तेंझिनने कुठे मोडेल ते सांगितलं, मी दोघांना चहा दिला आणि मधे मधे बोलून त्रास दिला. संध्याकाळी खेळ लावून आम्ही घरी गेलो. दशमीला महादेवप्पा एकटे ऑफिसात जाऊन त्या मशीनला माळ घालून आले. सारं म्हैसूर मिरवणुकीतले हत्ती बघायला रस्त्यावर, संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानात मशालींची कवायत, आणि मी गर्दीत उभी राहून मनात एकच धावा करत होते: मध्ययुग, मध्ययुग, मध्ययुग ओलांड.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पीटरसमोर नकाशा उघडला तेव्हा मीही तो पहिल्यांदाच बघत होते. शेवटचं शतक, आणि नकाशा विटकरी, निळा, हिरवा, हळदी. एकेका रंगातही छटा. खेळणाऱ्यांनी दिलेली नावंच आम्ही मशीनवर वापरायचो; त्यातल्या इडलीपंथाचं मूळपीठ कधीच पडलं होतं आणि पंथ मात्र समुद्राकाठच्या गावांत आपापल्या परीने सुखात चालला होता. पीटरने नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिला.

मग त्याने विचारलं, "सुंदर आहे. पण यात जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"पुन्हा लावला तर?"

"कुणीच जिंकणार नाही. या नियमाने धर्माच्या जोरावर सगळं जग कुणालाच घेता येत नाही."

"खेळात जिंकण्याची वाट तर हवी."

"बाकीच्या आहेत ना," मी म्हटलं. "फौजेने जिंका, व्यापाराने जिंका. धर्माने जिंकायची वाट काढून टाका. धर्म ठेवा."

रघूने टेबलाखाली माझा पाय दाबला, कारण धर्माने जग जिंका हीच आमची जाहिरात होती. पण मला त्या क्षणी जरासुद्धा शंका नव्हती. आजही नाही. पीटरने आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाला. खेळ बाजारात आला तो तसाच. अजून लोक तक्रारी लिहितात, की एवढा धर्म पसरवला तरी विजय का मिळत नाही. तेंझिन त्यात पहिला. धर्मखातं शाबूत आहे आणि मीही.

त्यानंतरच्या रविवारी मी अप्पांना पेढे घेऊन गेले. म्हटलं, तुमच्या घोडदळाच्या रिवाजाने माझी नोकरी वाचली. अप्पा तलवारीला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसला रिवाज?"

"पहाऱ्यावरच्या हत्याराचा."

"ते होय," ते म्हणाले. "मला काय ठाऊक गे, त्या काळी काय करत होते. तू रडकुंडीस आलेलीस. म्हणून सुम्ने सांगितलं."

सुम्ने, म्हणजे उगाचच. मी हातात पेढा घेऊन उभी राहिले. पटावर धर्म स्थापन करायला मला देवळं लागतात, जत्रा लागतात, शतकं लागतात. या माणसाने तेल लावता लावता एका फोनवर केलं होतं.

आणि पसरलंही. पुढच्या नवमीला महादेवप्पांनी कुणाला न विचारता एक मशीन पहाऱ्यावर ठेवलं, आणि ते कोणतं हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या कुठून आल्या ते मला माहीत नाही. त्यांच्या साडूच्या आइसक्रीमच्या दुकानात आता एक फ्रीझर पहाऱ्यावर असतो. समोरच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्येही एक मशीन असतं, आणि तिथे तर पहाऱ्यावरच्याला लिंबू बांधतात. लिंबू आमच्यात नाही.

यंदा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली आहे, हासनची. पूजेच्या वेळी तिने विचारलं, हे एकच मशीन चालू का?

"अरसर काळापासूनची पद्धत आहे, अम्मा," महादेवप्पांनी तिला सांगितलं. राजांच्या काळापासूनची. "शिपायांच्या घराण्यांत पाळतात. मॅडमना विचार."

मुलगी माझ्याकडे वळली. "खरंच, मॅडम?"

मी कुंकवाची वाटी उचलली आणि पहाऱ्यावरच्या मशीनपाशी गेले.

"हो," मी म्हटलं. "आमच्या घरातलीच आहे."